गरम पाण्याच्या नळाला येणारे दुधाळ पाणी : प्रकल्प नोंदी

दि. 2 डिसेंबर

थंडी पडू लागल्यापासून इमारतीच्या खालच्या मजल्यांवरील घरांतून एकाच स्वरूपाची तक्रार येत आहे. गरम पाण्याचा नळ सोडला की भांड्यात पडणारे पाणी पांढुरके आणि अपारदर्शक दिसते. शेजारच्याच थंड पाण्याच्या नळाला मात्र ते नितळ येते. दोन्ही नळांना गच्चीवरील एकाच टाकीतून पुरवठा होत असल्यामुळे हा फरक गीझरमध्ये किंवा गीझरनंतरच्या वाहिनीत निर्माण होत असावा, एवढे आरंभीच म्हणता येते. रहिवाशांनी सुचवलेल्या कारणांपैकी दोन लगेच बाजूला ठेवता येतात. पिण्याच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी असणाऱ्या अत्यल्प प्रमाणात क्लोरिनमुळे पाणी पांढरे होत नाही, आणि गीझरची टाकी आतून गंजली असती तर पाण्याला तांबूस किंवा तपकिरी छटा आली असती. उरलेल्या शक्यता तीन आहेत : पाण्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे आहेत, घन कण आहेत, किंवा दोन्ही आहेत. साधने म्हणून काचेचे उभट पेले, सेकंदकाट्याचे घड्याळ, स्वयंपाकघरातील तापमापक, भिंग, विजेरी, पारदर्शक रबरी नळी आणि नळाला जोडता येईल असा दाबमापक एवढेच वापरायचे ठरवले आहे.

दि. 3 डिसेंबर

पहिल्या मजल्यावरील घरात गीझर पूर्ण तापल्यानंतर नमुना घेतला. पेल्यात पडताक्षणी पाणी इतके पांढरे होते की पेल्यामागे धरलेला छापील कागद दिसेना. पेला सपाट जागी ठेवल्यावर काही सेकंदांतच तळाशी स्वच्छ पाण्याची एक पातळ पट्टी दिसू लागली आणि ती वर सरकत गेली. पांढरा भाग वर ढकलला जात होता आणि दोहोंमधील सीमारेषा बऱ्यापैकी स्पष्ट होती. साधारण मिनिटभरात संपूर्ण पेला नितळ झाला, तळाशी काहीही उरले नाही. विजेरीच्या प्रकाशात भिंगातून पाहता पृष्ठभागाकडे चढणारे बारीक चमकते ठिपके दिसले.

स्वच्छ होण्याची दिशा हाच या संपूर्ण तपासाचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, असे माझे मत आहे. पाण्यापेक्षा हलके ते वर जाणार, म्हणून बुडबुड्यांनी पांढरे झालेले पाणी तळाकडून वर स्वच्छ होते. जड कण खाली बसणार, म्हणून गाळाने पांढरे झालेले पाणी वरून खाली नितळत जाते आणि तळाशी साका सोडते. यासाठी कोणत्याही रसायनाची गरज नाही. घाईने पेला ओतून न देता तो मिनिटभर पाहणे एवढेच करावे लागते, आणि तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नेमके तेवढेच केलेले नव्हते.

दि. 5 डिसेंबर

बुडबुडे असल्याचे ठरले, तरी ते आले कुठून हा प्रश्न राहतो. नळाच्या तोंडाशी बसवलेली जाळी पाण्याच्या धारेत बाहेरची हवा मिसळते, आणि उंचावरून पडणारी धारदेखील भांड्यातील पाण्यात हवा ओढून नेते. हे दोन्ही मार्ग बंद करण्यासाठी जाळी काढली, नळाला पारदर्शक नळी घट्ट बसवली आणि तिचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी बुडवून ठेवले. नळी पाण्याने पूर्ण भरून वाहू लागल्यानंतरही तिच्यातील गरम पाणी पांढरेच होते. म्हणजे बाहेरच्या हवेशी संपर्क येण्याआधीच पांढरेपणा निर्माण झालेला होता. हीच जुळणी थंड पाण्याच्या नळाला केली असता नळीतील पाणी आरपार दिसले.

जाळीमुळे येणारे बुडबुडे वेगळे ओळखता येतात. ते आकाराने मोठे असतात, साध्या डोळ्यांना सुटे दिसतात आणि क्षणार्धात फुटतात. आपल्या नमुन्यातील बुडबुडे इतके लहान आहेत की ते सुटे दिसत नाहीत, त्यांचा फक्त एकत्रित पांढरेपणा दिसतो. बुडबुडे पाण्यातच विरघळलेल्या हवेतून बनले आहेत, ही धारणा पुढील कामासाठी स्वीकारली.

दि. 6 डिसेंबर

आज हिशेब मांडला. पाणी उघड्यावर असले की त्यात हवा विरघळतेच, आणि किती विरघळेल हे तापमान व दाब या दोन गोष्टींवर ठरते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, तापमान स्थिर असताना द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या द्रवावरील दाबाच्या समप्रमाणात असते. तापमानाचा परिणाम उलट दिशेने होतो. घरगुती वापराच्या तापमानकक्षेत पाणी जितके गरम, तितकी त्याची हवा धरून ठेवण्याची क्षमता कमी.

वातावरणीय दाबाखाली 10 अंश सेल्सिअसच्या एक लीटर पाण्यात सुमारे 22 ते 23 मिलीलीटर हवा विरघळते, तर 20 अंशांना सुमारे 18 मिलीलीटर. (हे आकारमान 0 अंश तापमान आणि एक वातावरण दाब यांना मोजलेले आहे.) 60 अंशांना हवेचा स्वतःचा दाब एक वातावरण असेल तर सुमारे 12 मिलीलीटर हवा विरघळू शकते. मात्र त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाबच 0.2 बारच्या (1 बार म्हणजे जवळपास एक वातावरण) आसपास असल्यामुळे उघड्या भांड्यात हवेच्या वाट्याला 0.8 बारच येतो आणि प्रत्यक्ष क्षमता 10 मिलीलीटरच्या आतबाहेर राहते. गच्चीवरील टाकीत 20 अंशांना हवेने संतृप्त झालेले, म्हणजे मावेल तेवढी हवा घेतलेले पाणी 60 अंशांपर्यंत तापवले, तर लीटरमागे 8 मिलीलीटर हवा जास्तीची ठरते, आणि 10 अंशांचे पाणी तापवले तर 12 मिलीलीटर. तक्रारी थंडीत वाढण्याचे कारण इथेच सापडते : थंड पाणी मुळात अधिक हवा घेऊन गीझरमध्ये येते.

परंतु एवढ्याने काम भागत नाही. ही जास्तीची हवा गीझरमध्येच का सुटत नाही? सुटली असती तर ती टाकीच्या वरच्या भागात साचली असती आणि नळाला दुधाळ पाण्याऐवजी मोठे बुडबुडे व अडखळती धार आली असती. पहिल्या मजल्यावर दाबमापकाने वातावरणापेक्षा 2 बार जास्त दाब दाखवला. गच्चीवरील टाकी सुमारे 20 मीटर उंच असल्याने, दर 10 मीटरला साधारण 1 बार या प्रमाणात हे जुळते. म्हणजे गीझरमधील एकूण दाब 3 बार. त्यातून वाफेचे 0.2 बार वजा केल्यास 2.8 बार उरतात, आणि 60 अंशांच्या पाण्याची क्षमता 12 गुणिले 2.8, म्हणजे जवळपास 34 मिलीलीटर होते. आत आलेली हवा केवळ 18 ते 23 मिलीलीटर असल्यामुळे गीझरमध्ये एकही बुडबुडा सुटण्याचे कारण नाही; तापूनही पाणी तिथे असंतृप्तच असते. नळाच्या अरुंद फटीतून बाहेर पडताना मात्र दाब क्षणात 3 बारवरून 1 बारवर येतो, क्षमता 34 वरून 10 वर कोसळते आणि पाणी एकाएकी अतिसंतृप्त होते, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त हवा असते. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडताच जे घडते तेच इथे नळाच्या चकतीपाशी घडते, फरक इतकाच की इथे वायू कमी असतो आणि तो फार बारीक बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो.

तेव्हा उष्णता जास्तीची हवा निर्माण करते आणि दाब ती नळापर्यंत लपवून ठेवतो. पांढरेपणासाठी दोन्ही हवेत. थंड पाण्याच्या नळातही दाब तितकाच पडतो, पण त्या पाण्यात उघड्या टाकीतून आलेली, म्हणजे वातावरणीय दाबाला मावेल एवढीच हवा असते, म्हणून ते नितळ राहते.

दि. 8 डिसेंबर

वरील निष्कर्षाची उलट बाजूने पडताळणी केली. केवळ उष्णतेने पाणी दुधाळ होत असेल तर उघड्या पातेल्यात तापवलेले पाणीही तसे व्हायला हवे. थंड नळाचे पाणी पातेल्यात मंद आचेवर 60 अंशांपर्यंत नेले. भांड्याच्या तळाला आणि कडांना बुडबुडे चिकटलेले दिसले, त्यांतील काही मोठे होऊन सुटले, पण पाणी शेवटपर्यंत पारदर्शक राहिले. इथे हवा जास्तीची होते हे खरे, पण ती हळूहळू होते. अतिसंतृप्तता थोडीच असते, आणि नवा बुडबुडा जन्मण्यासाठी भांड्याच्या पृष्ठभागावरील ओरखडे व खाचा लागतात. नळाच्या फटीत अतिसंतृप्तता मोठी असते, प्रवाह खळबळता असतो आणि वेगामुळे काही ठिकाणी दाब आणखी खाली जातो. त्यामुळे असंख्य बुडबुडे एकदम जन्मतात आणि वाढायला वेळ न मिळाल्याने लहान राहतात.

याच्या जोडीने आणखी एक परीक्षा घेतली. गरम नळाचे दुधाळ पाणी नितळू दिले, सावकाश थंड केले आणि झाकण लावून ठेवल्यानंतर पुन्हा पातेल्यात तापवले. कडांना चिकटणारे बुडबुडे ताज्या थंड पाण्याच्या मानाने फारच विरळ होते, कारण त्यातील जास्तीची हवा आधीच निघून गेलेली होती.

हे तत्त्व जलशुद्धीकरण केंद्रांमध्ये मुद्दाम वापरले जाते, ही गोष्ट येथे नोंदवण्याजोगी वाटते. पाण्यातील हलका गाळ व शेवाळ तळाशी बसत नसेल तेव्हा काही पाणी चार ते सहा बार दाबाखाली हवेने संतृप्त करून टाकीच्या तळाशी तोट्यांतून सोडतात. दाब पडताच दहा ते शंभर मायक्रोमीटर व्यासाचे बुडबुडे सुटतात, गाळाच्या पुंजक्यांना चिकटतात आणि त्यांना पृष्ठभागावर तरंगवत नेतात. जे केंद्रात यंत्रणा उभारून करावे लागते ते आपला गीझर न मागता करून देतो.

दि. 9 डिसेंबर

सर्वांत वरच्या मजल्यावर तपासणी केली. टाकीतील पाण्याची पातळी तेथील नळापासून जेमतेम 3 मीटर उंच आहे, म्हणजे जास्तीचा दाब 0.3 बार आणि एकूण दाब 1.3 बार. त्यातून वाफेचा दाब वजा करून 60 अंशांना क्षमता 13 मिलीलीटरच्या आसपास येते. आत आलेल्या पाण्यातील हवा याहून जास्त असल्यामुळे तिचा काही भाग गीझरमध्येच सुटणार, वर साचणार आणि नळ सोडल्यावर गोळ्यागोळ्याने बाहेर येणार. तेथील कुटुंबाची तक्रारही नेमकी तशीच निघाली : पाणी दुधाळ नसते, पण आरंभी धार तुटते आणि नळ खोकल्यासारखा आवाज करतो. एकाच इमारतीत, एकाच पाण्याची, एकाच कारणाने दोन निरनिराळी लक्षणे दिसतात, आणि हा फरक मजल्यावर, म्हणजे दाबावर ठरतो. कागदावरील हिशेबाला एवढी स्पष्ट साक्ष मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

दि. 11 डिसेंबर

हवा रंगहीन आणि पाणीही रंगहीन, मग त्यांचे मिश्रण पांढरे का? पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो याचे माप) सुमारे 1.33 आणि हवेचा 1.00 आहे. पाण्यातून बुडबुड्यावर आदळणारा प्रकाशकिरण काही अंशी परावर्तित होतो, काही अंशी वाकून पलीकडे जातो, आणि आपाती कोन सुमारे 49 अंशांहून मोठा असेल तर त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. बुडबुडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे तांबडा आणि निळा प्रकाश जवळपास सारखाच विखुरला जातो आणि डोळ्यांना पांढरा रंग दिसतो. त्यासाठी फार हवा लागत नाही. एक मिलीलीटर हवा 50 मायक्रोमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली गेली, तर सुमारे दीड कोटी बुडबुडे होतात.

नितळण्यास लागणारा वेळही बुडबुड्यांच्या आकाराशी जोडता येतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार लहान बुडबुड्याचा चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि द्रवाच्या श्यानतेच्या (वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाच्या) व्यस्त प्रमाणात असतो. 55 अंशांच्या पाण्यात 50 मायक्रोमीटरचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 2.7 मिलीमीटर चढतो, म्हणजे 12 सेंटिमीटरचा पेला पार करण्यास त्याला पाऊण मिनिट लागते. आपल्या नमुन्यास मिनिटभर लागले, त्यावरून बहुतेक बुडबुडे याच आकाराचे किंवा थोडे लहान असावेत. व्यास निम्मा असेल तर वेळ चौपट लागेल. म्हणून काही घरांत पाणी तीन-चार मिनिटे धूसर राहिले तरी तेवढ्यावरून वेगळे कारण शोधू नये.

दि. 13 डिसेंबर

बाहेरील एका घरातून आलेला नमुना आज तपासला आणि त्याने प्रकल्पाची व्याप्ती वाढवली. या घरी बोअरचे पाणी वापरतात. गरम नळाचे पाणी पेल्यात घेतल्यावर काही धूसरपणा वर गेला, पण काही तसाच राहिला आणि हळूहळू वरून खाली नितळत गेला. काही तासांनी तळाशी पांढरी भुकटी बसली. वरचे पाणी निथळून भुकटीवर व्हिनेगर टाकले असता ती फसफसून विरघळली. हा कॅल्शियम कार्बोनेट आहे.

दुष्फेन, म्हणजे क्षारांमुळे जड असलेल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. तापवल्यावर त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतो. साखर किंवा मीठ यांच्या उलट, कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता तापमान वाढल्यावर कमी होते, म्हणून तो सर्वाधिक तप्त पृष्ठभागावर, म्हणजे गीझरच्या कॉइलवर, आधी जमतो. त्याचे पापुद्रे सुटले की ते पाण्याबरोबर नळापर्यंत येतात. अशा घरात टाकीच्या तळाचा निचरा करून क्षार काढणे, तापमान 60 अंशांच्या फार वर न नेणे आणि गरज असल्यास पाणी मृदू करणारे यंत्र बसवणे हे उपाय आहेत. हे क्षार आरोग्यास घातक नसले, तरी कॉइलवरील थर उष्णता अडवतो आणि कॉइल लवकर जळते.

दि. 14 डिसेंबर

घन कणांची इतर कारणे थोडक्यात नोंदवतो. व्हिनेगरमध्ये न विरघळणारे आणि पाण्यावर तरंगणारे पांढरे तुकडे प्लॅस्टिकचे असू शकतात. काही गीझरमध्ये थंड पाणी तळापर्यंत नेणारी नळी प्लॅस्टिकची असते आणि ती उष्णतेने ठिसूळ होऊन झिजते. अमेरिकेत 1993 ते 1996 या काळात बनलेल्या अनेक गीझरमध्ये हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळला होता. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या लोखंडी वाहिन्यांतून पाण्यात जस्त उतरते. ते लीटरला 3 ते 5 मिलीग्रॅमच्या वर गेल्यास पाणी किंचित दुधाळ दिसते आणि उकळल्यावर त्यावर तेलकट साय धरते. थंड आणि गरम दोन्ही नळांचे पाणी सतत गढूळ येत असेल, स्थिर ठेवूनही नितळत नसेल किंवा त्याला रंग व वास असेल, तर दोष गीझरकडे न शोधता पुरवठ्याकडे शोधावा आणि पाणी प्रयोगशाळेत द्यावे. थंड पाणीही दुधाळ असून तळाकडून वर स्वच्छ होत असेल, तर पंप हवा ओढत असण्याची किंवा दुरुस्तीनंतर वाहिनीत हवा अडकल्याची शक्यता आधी पाहावी.

दि. 16 डिसेंबर

प्रयोगशाळेत गढूळपणा मोजताना नमुन्यातून प्रकाश किती विखुरतो हे पाहिले जाते. बुडबुडेही प्रकाश विखुरतात, त्यामुळे नमुन्यातील हवा आधी जाऊ दिली नाही तर यंत्र निर्दोष पाण्यालाही गढूळ ठरवते. म्हणून बोअरच्या पाण्याचा नमुना बाटलीत स्थिर झाल्यावरच मोजावा, अशी विनंती सोबतच्या कागदावर लिहून दिली.

उपायांविषयी रहिवाशांची अपेक्षा मोठी आहे, पण माझ्या मते बुडबुड्यांवर उपाय करण्याची गरजच नाही. ती हवा आपण श्वासात घेतो तीच आहे. तिने आंघोळीला, भांड्यांना किंवा कपड्यांना काही होत नाही. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी मात्र पाणी थंड नळाचेच घ्यावे, आणि त्याचे कारण बुडबुडे नसून गरम पाणी वाहिन्यांतील शिसे, तांबे असे धातू अधिक विरघळवते हे आहे. पांढरेपणा कमीच करायचा असेल तर खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवता येईल. मग थोडी हवा गीझरमध्येच सुटेल आणि तिथेही धार अडखळू लागेल, हे गृहीत धरावे. काहींनी थर्मोस्टॅट 40 अंशांवर आणून ठेवला आहे. त्याने पाणी नितळ होते खरे, परंतु फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे लिजिओनेला हे जिवाणू 20 ते 45 अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात. साठवणीच्या गीझरमध्ये पाणी 60 अंशांना ठेवावे आणि भाजू नये म्हणून नळाशी थंड पाणी मिसळून घ्यावे. दिसण्यापुरत्या दोषासाठी खरा धोका पत्करणे मला मान्य नाही, आणि तसे त्या घरांना लेखी कळवले.

दि. 18 डिसेंबर

दुसऱ्या मजल्यावरील एक घर महिनाभर बंद होते आणि कुटुंब उद्या परतत आहे. त्यांच्या गीझरची नोंद वेगळी करणे आवश्यक आहे, कारण तिथे नळातून येणारा वायू हवाच असेल असे धरून चालता येत नाही. काचेचा मुलामा दिलेल्या पोलादी टाकीत मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचा एक दांडा बसवलेला असतो. टाकीऐवजी तो दांडा झिजावा अशी योजना असते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांचे रक्षण करण्यासाठी जस्त व लोखंड वापरून हीच कल्पना मांडली होती. दांडा झिजताना हायड्रोजन सुटतो. रोजच्या वापरात तो पाण्याबरोबर निघून जातो, पण दोन आठवडे किंवा अधिक काळ नळ उघडला गेला नाही तर गीझरच्या वरच्या भागात आणि वाहिनीत साचतो. हवेत त्याचे प्रमाण 4 ते 75 टक्के असताना ठिणगी पडल्यास तो पेट घेतो.

त्या कुटुंबासाठी पुढीलप्रमाणे सूचना लिहून दिली आहे. घरात आल्यावर आधी खिडक्या उघडाव्यात. गीझर, धुलाई यंत्र किंवा गरम पाण्याशी जोडलेले कोणतेही विद्युत उपकरण सुरू करण्याआधी स्वयंपाकघरातील गरम पाण्याचा नळ काही मिनिटे सोडून ठेवावा, आणि त्या वेळी जवळपास शेगडी, काडी किंवा सिगारेट पेटवू नये. धार अडखळणे व वायू फसफसणे थांबून पाणी सलग वाहू लागले की गीझर सुरू करावा. पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास आल्यास दांडा व जिवाणू यांच्या संयोगाने हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असण्याची शक्यता आहे. टाकी रिकामी करून धुणे आणि दांडा बदलणे हे काम मग प्लंबरकडून करून घ्यावे.